सिकलसेल संशोधनाचा सार्वजनिक निधी (पूर्व विदर्भ)

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरील संशोधनासाठी केंद्र व राज्य शासनाने, मुख्यतः भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत, उपलब्ध केलेला पैसा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर हा या रोगाचा महाराष्ट्रातील मोठा पट्टा आहे. तुमसर तालुक्यातील बपेरा हे मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे गाव याच पट्ट्यात येते.

रोगाचे मूळ रक्तातील हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकातील एका अक्षराच्या बदलात आहे. त्यामुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडे-सांधे असह्य दुखतात, वारंवार जंतुसंसर्ग होतो, रक्त कमी होते. सदोष जनुक एकाच पालकाकडून आला तर व्यक्ती ‘वाहक’ असते आणि तिला सहसा त्रास होत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल पीडित जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. भारतातील निरनिराळ्या आदिवासी समूहांत वाहकांचे प्रमाण १ ते ४० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. विदर्भात अनुसूचित जातींच्या कुटुंबांतही हा रोग मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणजे ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांपैकी बहुतेकांकडे महागडे औषध विकत घेण्याची ऐपत नाही. बाजार अशा आजाराकडे आपणहून फारसा वळत नाही. म्हणूनच या विषयात सरकारी पैशाला पर्याय नाही.

भारतात वैद्यकीय संशोधनाला सरकारी निधी देण्याची पद्धत १९११ मध्ये ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’च्या स्थापनेने रुजली. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक त्याच वर्षी मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत झाली. ही प्रयोगशाळा म्हणजे आजची परळची हाफकिन संस्था. १९४९ मध्ये या असोसिएशनची भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाली. २००७ मध्ये केंद्रात आरोग्य संशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि परिषदेचा पैसा आता त्यामार्फत येतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वाट्याला ९९,८५८ कोटी रुपये आले. त्यांपैकी संशोधन विभागाला ३,९०० कोटी मिळाले. शंभरातले चार रुपये संशोधनाला, हे प्रमाण या देशातील रोगांचा पसारा पाहता तोकडेच म्हणावे लागेल.

भारतात सिकलसेलची नोंद प्रथम १९५२ मध्ये झाली. मध्य भारतात हा दोष असल्याचे शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात दाखवून दिले. त्याच सुमारास, १९५७ मध्ये, परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. ‘बॉम्बे’ या दुर्मीळ रक्तगटाचा शोध त्याआधी पाच वर्षे याच शहरात लागला होता. पुढे हे केंद्र राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून वाढले आणि विदर्भातील सिकलसेलच्या अभ्यासाची बरीच भिस्त तिच्यावर राहिली. रुग्ण नागपूर-भंडाऱ्याकडे आणि तज्ज्ञ प्रयोगशाळा परळला, अशी ही व्यवस्था अनेक दशके चालली.

तरीही याच व्यवस्थेतून दोन मोलाची कामे उभी राहिली. भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, त्यामुळे आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो, असा समज रूढ होता. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (नागपूरकरांचे ‘मेडिकल’) आणि मुंबईची ही संस्था यांनी मिळून दोन हजारांवर नवजात बालकांची तपासणी केली आणि पीडित निघालेल्या मुलांचा पुढे मागोवा घेतला. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विदर्भातील अनेक मुलांमध्ये रोग लहान वयातच तीव्र रूप घेतो, हे त्यातून स्पष्ट झाले. दुसरे काम हायड्रॉक्सियुरिया या औषधाच्या मात्रेचे. पाश्चात्त्य देशांत मुलांना ते वजनाच्या दर किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम देतात. नागपूरच्या दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १० मिलिग्रॅमच्या ठरावीक मात्रेनेही तीव्र आजाराच्या मुलांना लाभ झाल्याचे दिसले. मात्रा कमी म्हणजे खर्च कमी आणि दुष्परिणामांची धास्तीही कमी. जुन्या, स्वस्त औषधाचा खप घटवणारा असा प्रयोग कोणती कंपनी स्वखर्चाने करील?

अनुदानाची पद्धत मात्र या रोगाच्या स्वभावाशी जुळत नाही. प्रकल्प बहुधा तीन-चार वर्षांसाठी मंजूर होतो. हप्ते उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावर सुटतात. क्षेत्रकर्मचारी आणि तंत्रज्ञ कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की तेही जातात. जन्मतः नोंदवलेल्या मुलाचा आजार मात्र आयुष्यभराचा असतो. चार वर्षांनी पाठपुरावा तुटला तर त्या मुलाचे पुढे काय झाले हे सांगणारे दप्तरच उरत नाही.

राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमात आशा कार्यकर्त्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे तपासणी करतात. पीडिताला लाल आणि वाहकाला पिवळे कार्ड मिळते. बपेऱ्यासारख्या सीमेवरच्या गावांत सोयरिकी पलीकडे बालाघाटकडेही होतात. नवरा एका राज्याच्या नोंदवहीत आणि बायको दुसऱ्या राज्याच्या, अशा जोडप्यांसाठी दोन्हीकडच्या नोंदी जुळवणे हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात १७ राज्ये आहेत. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. सीमेच्या दोन्ही बाजू एका छत्राखाली आल्याने ही जुळवणी आता शक्य आहे.

जनुक-उपचारातही सार्वजनिक पैशाचे महत्त्व उघड दिसते. अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केलेल्या पहिल्या जनुक-संपादन उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीतील शासकीय जीनोमिकी संस्थेने भारतीय उपचार विकसित केला. बिरसा मुंडांच्या नावावरून त्याला ‘बिरसा १०१’ म्हणतात. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्यात आले आहे. तो सरकारी पैशातून घडला आहे, तेव्हा त्याची किंमतही जनतेला परवडेल अशीच ठरली पाहिजे.

हिमोग्लोबिन विकारांसाठी परिषदेचे संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपूरसाठी राष्ट्रार्पण झाले. ‘लॅन्सेट’मधील त्या नोंदीनंतर ६४ वर्षांनी रोगाच्या पट्ट्यात स्वतःचे केंद्र आले. भंडारा जिल्ह्यातील पीडित बालकांची जन्मनोंद आणि ती मुले वीस वर्षांची होईपर्यंत न तुटणारा निधी, हे या केंद्राकडून पूर्व विदर्भाचे पहिले मागणे असायला हवे.