भूक मोजायची कशी? दांडेकर, सुखात्मे आणि २२५० उष्मांक

मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीपलीकडे आमच्या नवी मुंबईची आखणी सुरू झाली. त्याच सुमारास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ हे दोन संशोधक नकाशावर कुठेच न दिसणारी एक रेषा आखत होते. आजचा धागा त्या रेषेविषयी.

गरिबी दिसते, पण थेट मोजता येत नाही. मोजता येतात रुपये, धान्य, माणसे. म्हणून अमूर्त संकल्पनेच्या जागी तिची खूण ठरेल असे काही मोजण्याजोगे उभे करावे लागते. संशोधनपद्धतीच्या तासाला याला ‘कार्यकारी व्याख्या’ म्हणतात. परीक्षेपुरते हे सोपे असते.

दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकातच ही वाट चोखाळली होती. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करते हे त्यांनी पाहिले आणि त्याच्याशी हिंदी माणसाच्या सरासरी उत्पन्नाची तुलना केली. तुरुंगाच्या हिशेबवहीतून साम्राज्याला जाब विचारण्याची ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते.

दांडेकर-रथांनी खूण निवडली ती उष्मांकांची : माणशी रोज २२५०. पण लोकांच्या ताटात डोकावणे शक्य नव्हते. हाताशी होते राष्ट्रीय नमुना पाहणीतील कुटुंबखर्चाचे आकडे. किती खर्च करणाऱ्या गटाला एवढे अन्न मिळते, हे त्यांनी त्यातून काढले. १९६०-६१ च्या किमतींनुसार उत्तर आले : खेड्यात दरडोई महिना १५ रुपये, शहरात २२.५० रुपये. या हिशेबाने ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली होते. हा अभ्यास १९७१ च्या जानेवारीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा देशात ‘गरिबी हटाव’ची निवडणूक तोंडावर होती.

इथे साखळी लक्षात घ्या. संकल्पना गरिबीची, खूण उष्मांकांची, प्रत्यक्ष मोजमाप रुपयांचे. प्रत्येक सांध्यावर काहीतरी निसटते. आजारपण, घरभाडे, मुलांची शाळा यांना या आकड्यात स्वतंत्र जागा नाही.

यावर सर्वांत मूलगामी आक्षेप घेतला तो पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ काम करून पुण्यात परतले होते. त्यांचा मुद्दा असा की सरासरी गरज ही प्रत्येकाची गरज नव्हे. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. तेव्हा सरासरीखाली गेलेला प्रत्येक जण कुपोषित मानणे चूक. रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली ओढावी. तसे केले की कुपोषितांचा आकडा झपाट्याने आक्रसतो. केवळ धान्य वाढवण्यापेक्षा स्वच्छ पाणी आणि आरोग्य यांकडे लक्ष द्या, असेही ते सांगत.

दांडेकरांनी १९८१ मध्ये त्याच साप्ताहिकात प्रत्युत्तर दिले. दारिद्र्य आणि कुपोषण या दोन भिन्न गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये, हा त्यांचा रोख होता. इतर टीकाकारांचा एक प्रश्न मला अधिक बोचतो : फरक केवळ नैसर्गिक असता, तर कमी खाणारी माणसे नेमकी कमी पैसेवाल्या घरांतच का सापडावीत?

माझा कल दांडेकरांकडे आहे, हे लपवत नाही. मात्र सुखात्मे गरिबांविषयी बेफिकीर होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दोघांपुढे आकडे बरेचसे तेच होते. ‘पुरेसे’ म्हणजे किती, यावर मतभेद होता. त्या एका शब्दावर कोट्यवधी माणसे रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे जात होती.

१९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने खेड्यांसाठी २४००, शहरांसाठी २१०० उष्मांक धरले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने रेषा उष्मांकांना बांधणे सोडले.

दरम्यान महाराष्ट्रात १९९९ पासून शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्यांना पिवळी, त्यावर १ लाखापर्यंत केशरी, पुढे पांढरी. घरातल्या कपाटात जुनी शिधापत्रिका असेल, तर तिचा रंग एकदा पाहा आणि त्या वर्षी घरात किती उत्पन्न लिहून दिले होते, ते आजीआजोबांना विचारा.