व्यायामसंघ आणि विद्यापीठे : युरोपातील शारीरिक शिक्षणाची घडण

युरोपातील शाळांच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाला जे स्थान आहे, ते केवळ सरकारी आदेशांनी मिळालेले नाही आणि केवळ विद्वानांच्या आग्रहानेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून गावोगावचे व्यायामसंघ आणि विद्यापीठे या दोन भिन्न प्रकृतीच्या संस्था कधी परस्परांच्या सोबतीने, तर कधी परस्परांशी वाद घालत काम करत राहिल्या आणि त्यातून हा विषय घडला. संघांपाशी मैदान, साधने, वर्गणी भरणारे सभासद आणि शिकवण्याचा रोजचा अनुभव होता. विद्यापीठांपाशी शरीररचनेचे आणि शरीरक्रियेचे ज्ञान, परीक्षा घेण्याचा अधिकार आणि पदवीची प्रतिष्ठा होती. जेथे दोघांनी आपापले स्वातंत्र्य राखून एकमेकांचे दावे तपासले तेथे विषय पुढे गेला, आणि जेथे सत्तेने दोघांनाही आपल्या दावणीला बांधले तेथे त्याची मोठी हानी झाली, असे हा दोनशे वर्षांचा इतिहास पाहताना ठामपणे म्हणता येते.

सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपीय विद्यापीठांत तलवारबाजी, घोडेस्वारी आणि नृत्य शिकवणारे शिक्षक असत. परंतु सरदार घराण्यांतील तरुणांच्या अंगी दरबारी रीतभात यावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात पेर हेन्रिक लिंग हा असाच एक तलवारबाजीचा शिक्षक होता. शरीररचनेच्या अभ्यासाची जोड देऊन त्याने व्यायामाची स्वतंत्र पद्धती बांधली आणि १८१३ मध्ये राजाश्रयाने स्टॉकहोम येथे केंद्रीय जिम्नॅस्टिक्स संस्था स्थापन केली. शैक्षणिक, लष्करी, वैद्यकीय आणि सौंदर्यविषयक अशा चार शाखा त्याने कल्पिल्या होत्या, आणि प्रत्येक हालचालीचा आरंभ, मार्ग व शेवट शरीरशास्त्राच्या आधारे ठरलेला असला पाहिजे, हे त्याचे मुख्य सूत्र होते.

जर्मनीतील आरंभ याहून अगदी वेगळा होता. फ्रीडरिख लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनबाहेरील हाझेनहाइडे येथे उघडे व्यायाममैदान सुरू केले आणि तेथे डबल बार, सिंगल बार, दोर आणि शिड्या यांवरील कसरतींना ‘टुर्नेन’ असे नाव दिले. नेपोलियनच्या सैन्याने व्यापलेल्या प्रशियातील तरुणांना लढ्यासाठी तयार करणे हा त्याचा उघड उद्देश असल्याने मैदान आणि विद्यापीठ यांच्यात येथे प्रथम जे नाते जुळले ते राजकीय होते. १८१५ मध्ये येना येथे स्थापन झालेल्या विद्यार्थिसंघात आणि १८१७ च्या वार्टबुर्ग मेळाव्यात यानचे अनुयायी पुढे होते, आणि त्या मेळाव्यात नावडत्या ग्रंथांची होळी झाली, हेही विसरता येत नाही. १८१९ मध्ये कार्ल झांड या विद्यार्थ्याने नाटककार कोट्झेबू याचा खून केल्यानंतर जर्मन राज्यांनी विद्यापीठांवर कडक निर्बंध लादले, यानला अटक झाली, आणि प्रशियात टुर्नेनवर घातलेली बंदी १८४२ पर्यंत टिकली. शरीर कमावणे हे शिक्षणाचे अंग आहे, हा विचार त्या वीस-बावीस वर्षांत विद्यापीठांच्या वर्तुळात संशयास्पद ठरला.

बंदी उठल्यानंतर संघ वेगाने वाढले, आणि १८६० च्या सुमारास बर्लिनमध्ये एक वाद उभा राहिला, जो इतिहासात ‘बारचा वाद’ म्हणून ओळखला जातो. शिक्षकांना आणि लष्करी प्रशिक्षकांना तयार करणाऱ्या शासकीय व्यायाम संस्थेचा प्रमुख ह्युगो रोटश्टाइन हा लष्करी अधिकारी होता. त्याने स्टॉकहोमला जाऊन लिंगची पद्धती आत्मसात केली होती आणि त्या पद्धतीच्या निकषावर न उतरणारी साधने, विशेषतः डबल बार, त्याने आपल्या संस्थेतून काढून टाकली. दोन समांतर दांड्यांच्या मध्ये दोन्ही हातांवर शरीर तोलून धरायचे, झोके घ्यायचे आणि वर उठायचे या कसरतीत खांद्याच्या सांध्यावर अनैसर्गिक भार येतो, असा त्याचा आक्षेप होता. संघांच्या दृष्टीने हा केवळ एका साधनाचा प्रश्न नव्हता, कारण डबल बार हे यानच्या परंपरेचे मुख्य अंग होते आणि ज्या कसरतीत त्यांच्या सभासदांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रावीण्य मिळवले होते, तिलाच सरकारी संस्था अपायकारक ठरवत होती.

संघांनी आणि शिक्षकांनी निवेदने दिली, परंतु वादाला निर्णायक वळण मिळाले ते बर्लिन विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांच्यामुळे. स्नायू आणि मज्जातंतू यांतील विद्युत्प्रवाहांच्या अभ्यासासाठी ते युरोपभर प्रसिद्ध होते, आणि स्वतः कसरतपटू असल्याने डबल बारवर खांद्याचे नेमके काय होते, हे त्यांना ग्रंथांतून जेवढे कळले होते तेवढेच अनुभवानेही ठाऊक होते. १८६२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत लिंगच्या अनुयायांच्या शरीरशास्त्रालाच आव्हान दिले, आणि शास्त्रशुद्ध म्हणवणाऱ्या या पद्धतीच्या मुळाशी प्रयोग नसून कल्पना आहे, असे दाखवले. प्रशियाच्या वैद्यकीय सल्लागार मंडळानेही त्याच वर्षाच्या अखेरीस डबल बारच्या बाजूने मत दिले; पुढच्या वर्षी रोटश्टाइनने पद सोडले आणि साधने परत आली. व्यायामाने केवळ स्नायू नव्हे तर मज्जासंस्था शिकते, तिच्यातील समन्वय सुधारतो, हा द्यू ब्वा-रेमाँ यांनी १८८१ च्या व्याख्यानात विस्ताराने मांडलेला विचार आज कौशल्यशिक्षणाचा पाया मानला जातो. संघाची तक्रार आणि प्राध्यापकाचे ज्ञान एकत्र आल्यावर काय साधते, याचे इतके स्पष्ट उदाहरण त्या शतकात दुसरे क्वचितच सापडेल. मात्र येथे विद्यापीठाने संघाच्या रूढ कसरतीची पाठराखण केली होती, आणि अशी पाठराखण संघांना नेहमीच गोड वाटते. खरी कसोटी तेव्हा लागते, जेव्हा प्रयोगशाळेचा निष्कर्ष संघांच्या श्रद्धेविरुद्ध जातो. ती कसोटी डेन्मार्कमध्ये लागली.

डेन्मार्कने १८१४ च्या शाळाविषयक कायद्यातच व्यायामाला स्थान दिले होते, पण त्याची खरी चळवळ शतकाच्या उत्तरार्धात ग्रामीण भागात उभी राहिली. शेतकऱ्यांच्या मुलांना परीक्षेविना इतिहास, साहित्य आणि नागरिकत्व शिकवणारी निवासी लोकविद्यालये आणि गावोगावचे नेमबाजी व व्यायाम संघ यांनी लिंगची पद्धती उचलली. व्हालेकिल्डे येथील लोकविद्यालयात १८८४ मध्ये त्यासाठी खास दालन बांधले गेले. सरळ रांगा, ताठ पाठ आणि रुंद छाती हे त्या तरुणांच्या स्वाभिमानाचे चिन्ह झाले, आणि १८९९ च्या अधिकृत मार्गदर्शिकेने स्वीडिश पद्धतीला शाळांमध्येही प्रवेश दिला. या यशानंतर विषयाला उच्च शिक्षणात मान्यता मिळावी, अशी मागणी होणे स्वाभाविक होते. १९०९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाने माध्यमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांसाठी व्यायाम हा विषय स्वीकारला आणि त्याच्या शास्त्रीय भागासाठी योहानेस लिंडहार्ड या वैद्याची नेमणूक केली.

लिंडहार्ड १९०६ ते १९०८ या काळात ईशान्य ग्रीनलंडच्या मोहिमेवर वैद्य म्हणून गेले होते आणि तेथील थंडीत मनुष्याच्या श्वसनाचा अभ्यास करून परतले होते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ आउगुस्ट क्रो यांच्यासोबत त्यांनी पुढे जे प्रयोग केले, त्यांतून व्यायामाचे आधुनिक शास्त्र उभे राहिले. हृदय दर मिनिटाला किती रक्त फुप्फुसांतून पुढे ढकलते, हे जिवंत माणसात मोजणे तेव्हा जवळजवळ अशक्य मानले जाई. या दोघांनी नायट्रस ऑक्साइड हा रक्तात सहज विरघळणारा वायू अल्प प्रमाणात हुंगवून, ठराविक सेकंदांत तो फुप्फुसांतून किती कमी झाला यावरून रक्ताचा प्रवाह काढण्याची रीत १९१२ मध्ये मांडली. क्रो यांनी एका जागी स्थिर असणारी, विद्युत्‌चुंबकाने चाकाला नेमका विरोध करणारी सायकल बनवली, आणि तिच्यावर पायडल मारणाऱ्या माणसाने किती काम केले हे अचूक मोजता येऊ लागले. प्रयोगाला बसणारी माणसे पुष्कळदा हे संशोधक स्वतः आणि त्यांचे विद्यार्थीच असत.

या मोजमापांच्या बळावर लिंडहार्ड यांनी स्वीडिश पद्धतीचे सिद्धांत तपासले तेव्हा छाती फुगवण्याच्या आणि श्वास नियंत्रित करण्याच्या व्यायामांना जे आरोग्यदायी परिणाम चिकटवले गेले होते, त्यांपैकी अनेकांना आधार नाही, असे त्यांनी निःसंकोच लिहिले. सरकारी व्यायाम निरीक्षक के. ए. क्नुडसेन हे लिंगपंथाचे कट्टर पुरस्कर्ते असल्याने दोघांत दीर्घ संघर्ष झाला. ज्या चळवळीने विषयाला विद्यापीठाच्या दारापर्यंत आणले, तिच्याच श्रद्धांना विद्यापीठाने प्रश्न विचारले, तरीही संघांनी मैदान सोडले नाही आणि विद्यापीठाने प्रयोग सोडले नाहीत, हे डॅनिश परंपरेचे मोठेपण होय. १९१७ मध्ये लिंडहार्ड प्राध्यापक झाले आणि १९२८ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या देणगीतून उभारलेल्या इमारतीत क्रो यांच्या प्रयोगशाळेशेजारी व्यायामसिद्धांताची प्रयोगशाळा आली. त्यांचे शिष्य एरिक होव्ह्यू क्रिस्टेन्सेन १९४१ मध्ये स्टॉकहोमला गेले ते लिंगनेच स्थापन केलेल्या संस्थेत, आणि तेथे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पेर-ओलोफ ओस्ट्रांड यांनी १९५२ च्या प्रबंधात लहान मुलांपासून प्रौढांपर्यंत स्त्री-पुरुषांची श्रमक्षमता मोजून दाखवली. लिंगच्या वास्तूतूनच लिंगच्या गृहीतकांची फेरतपासणी झाली.

ब्रिटनमध्ये हा विषय स्त्रियांनी उभा केला. स्टॉकहोमला शिकलेल्या मार्टिना बेरिमान-ओस्टेरबेरी यांनी १८८५ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागात स्त्रियांसाठी शिक्षक-महाविद्यालय काढले, ते दहा वर्षांनी डार्टफर्डला हलले, आणि १८९९ मध्ये अशा प्रशिक्षित शिक्षिकांनी लिंग असोसिएशन ही संघटना स्थापून पात्रतेची स्वतःची कसोटी ठरवली. विद्यापीठ मात्र फार उशिरा जागे झाले. शारीरिक शिक्षणाचा समावेश असलेली पदवी बर्मिंगहॅम विद्यापीठाने दिली ती १९४६ पासून.

संघटना आणि विद्यापीठ यांची सर्वांत महत्त्वाकांक्षी जोडी जमली बर्लिनमध्ये. क्रीडासंघटनांच्या राष्ट्रीय समितीने १९२० मध्ये, शासनाच्या नव्हे तर स्वतःच्या पुढाकाराने, शारीरिक व्यायामाचे उच्चशिक्षणपीठ स्थापन केले. बर्लिन विद्यापीठाच्या सभागृहात त्याचे उद्‌घाटन झाले, प्रख्यात शल्यवैद्य आउगुस्ट बीअर त्याचे कुलगुरू झाले, आणि संघटक कार्ल डीम यांनी त्याचा कारभार पाहिला. व्यायामाचे शिक्षण, आरोग्यशास्त्र, अध्यापनशास्त्र आणि संघटनकार्य हे सर्व एकाच छताखाली आणण्याची ही कल्पना खरोखर दूरदर्शी होती. पण १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच संघ आणि विद्यापीठे या दोघांनीही फारसा प्रतिकार न करता मान तुकवली. जर्मन व्यायाममहासंघाने ज्यू सभासदांना बाहेर काढण्याचा नियम केला. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल बारवर सुवर्णपदक मिळवणारे बर्लिनचे आल्फ्रेड फ्लाटोव्ह यांना, ज्या साधनासाठी संघांनी एके काळी सरकारशी झुंज घेतली होती त्याच साधनाचे विजेते असूनही, आपल्या संघातून बाहेर पडावे लागले, आणि १९४२ मध्ये टेरेझियेनश्टाट येथील छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. १९३६ पर्यंत ते शिक्षणपीठही नाझी राज्याच्या अकादमीने गिळले होते.

त्याच १९३६ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला गेला आणि त्याने मल्लखांब, कबड्डी यांसारख्या भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. १९१४ मध्ये एका आखाड्यातून सुरू झालेल्या या मंडळाने पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे केले. संघातून शिक्षणसंस्थेकडे जाण्याची ही वाट विदर्भातही चालली गेली होती.

युद्धानंतर १९४७ मध्ये कोलोन येथे क्रीडा उच्चशिक्षणसंस्था उघडली, तिचेही नेतृत्व डीम यांच्याकडेच आले, आणि नाझी काळातील त्यांच्या भूमिकेचा हिशेब मागण्याचे काम जर्मन विद्यापीठांतील इतिहासकारांनी कित्येक दशकांनी हाती घेतले. संस्थांचे जाळे मात्र वाढत गेले. १९६२ मध्ये लिस्बन येथे शारीरिक शिक्षणाच्या उच्चशिक्षणसंस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९८९ मध्ये क्रीडाविज्ञान शिकवणाऱ्या युरोपीय विद्यापीठांचे जाळे, आणि १९९१ मध्ये देशोदेशींच्या शारीरिक शिक्षकसंघटनांचा युरोपीय महासंघ उभा राहिला. शाळांतील तास कमी होत असल्याची शिक्षकांची ओरड जुनीच होती. तिला आधार मिळाला तो मँचेस्टर विद्यापीठातील केन हार्डमन यांच्या सर्वेक्षणामुळे. राष्ट्रीय संघटनांच्या मदतीने गोळा केलेल्या माहितीवरून, कायद्यात विषय अनिवार्य असला तरी प्रत्यक्ष वर्गांत त्याचे तास अन्य विषयांना दिले जातात, असे त्यांनी १९९९ च्या बर्लिन येथील जागतिक परिषदेत मांडले. युरोपीय संसदेने २००७ च्या ठरावात आठवड्याला किमान तीन तासिका असाव्यात अशी शिफारस केली, पण शिक्षण हा सदस्य राष्ट्रांच्या अखत्यारीतील विषय असल्याने ती बंधनकारक नव्हती.

हंगेरीने या बाबतीत शिफारशीच्या पुढे जाऊन २०१२ पासून रोज एक तास टप्प्याटप्प्याने लागू केला. तेथील शालेय क्रीडा महासंघाने संशोधकांच्या साहाय्याने जी सुदृढतेची चाचणी तयार केली, ती काही वर्षांतच देशभरातील शाळांत अनिवार्य झाली. ध्वनिसंकेताच्या तालावर ठराविक अंतर ये-जा करत वेग वाढवायचा, शक्य तोवर धावायचे आणि थांबल्यावर फेऱ्यांची नोंद करायची, असा तिच्यातील सहनशक्तीचा भाग आहे. त्यावरून मुलाची तुलना वर्गातील इतरांशी केली जात नाही. त्याच्या वयाला आणि लिंगाला आवश्यक असलेल्या आरोग्याच्या मर्यादेत तो बसतो की नाही, एवढेच नोंदले जाते.