एक नाव, ज्यापुढे खूण नव्हती

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. शेवटी थोडं पावत्या आणि करांबद्दल आहे (सवय जात नाही!), पण सुरुवात इतिहासापासून.

मागच्या महिन्यात लेक शिकवणीहून आली आणि मी सहज विचारलं, "काय म्हणाले आज तुमचे हिटलर?" गणिताच्या सरांना आमच्या घरात हेच नाव. ठेवलेलंही मीच. पुण्यात आर्टिकलशिप करताना आमच्या प्रिन्सिपलनाही आम्ही सगळे हेच म्हणायचो. कडक माणूस म्हणजे हिटलर, इतकंच डोक्यात. लेक तेरा वर्षांची आहे. बूट काढता काढता म्हणाली, "आई, तो शब्द नको ना वापरूस. आम्ही शाळेत हानाच्या सूटकेसची गोष्ट वाचतोय."

मला ती गोष्ट माहीत नव्हती. रात्री तिच्याकडूनच ऐकली आणि मग झोप लागली नाही.

1998 साली टोकियोत होलोकॉस्टबद्दल मुलांना शिकवणारं एक छोटं केंद्र सुरू झालं. ते चालवणाऱ्या फुमिको इशिओका यांनी मुलांना हाताशी दाखवता येईल असं काहीतरी द्या म्हणून परदेशी संग्रहालयांना पत्रं लिहिली. 2000 साली आउश्वित्झच्या संग्रहालयाकडून काही वस्तू आल्या. त्यात एक सूटकेस होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत हाना ब्रेडी हे नाव, 16 मे 1931 ही जन्मतारीख आणि जर्मन भाषेत 'अनाथ' असा शब्द. केंद्रात येणारी मुलं विचारायला लागली, ही कोण? दिसायची कशी? पुढे काय झालं तिचं?

इशिओकाबाई उत्तर शोधत जुलै 2000 मध्ये चेक देशातल्या तेरेझिनला पोचल्या. नाझींनी तिथे ज्यूंना डांबून ठेवलं होतं आणि तिथून पुढे गाड्या भरून पाठवलं होतं. तिथल्या नोंदींच्या यादीत हानाचं नाव सापडलं. तिच्या नावापुढे एक छोटी खूण होती. आजूबाजूच्या नावांपुढेही तशीच खूण. खूण म्हणजे तो माणूस वाचला नाही. पण त्याच यादीत आणखी एक ब्रेडी होता, जॉर्ज. त्याच्या नावापुढे खूण नव्हती. हानाचा मोठा भाऊ जिवंत होता! त्याच्याबरोबर तेरेझिनमध्ये राहिलेला एक माणूस प्रागमध्ये भेटला, त्याच्याकडून टोरांटोचा पत्ता मिळाला. मार्च 2001 मध्ये जॉर्ज ब्रेडी टोकियोला आले आणि मुलांना त्यांनी बहिणीबद्दल सांगितलं. हानाला ऑक्टोबर 1944 मध्ये आउश्वित्झला नेलं आणि मारलं. ती तेरा वर्षांची होती.

लेक हे सांगत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती खूण. मंडळी, माझं अर्धं आयुष्य टिक मार्क करण्यात गेलंय. व्हाउचर बघायचं, लेजरशी ताडायचं, हिरव्या शाईने टिक करायची, पान उलटायचं. टिक म्हणजे काम झालं. तिकडेही कुणीतरी टेबलाशी बसून याद्या केल्या होत्या. व्यवस्थित, अनुक्रमांकासह. हे सगळं फक्त बंदुकीवाल्यांनी केलं नाही. त्याला कारकून लागले, वेळापत्रकं लागली, जप्त केलेल्या मालाचे हिशेब लागले. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात सुमारे पंधरा लाख मुलं. माझ्यासारखी कामं करणारी माणसं त्या साखळीत होती, हे मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

या गोष्टीत आणखी एक वळण आहे. 2004 मध्ये ब्रेडी कुटुंबाच्या लक्षात आलं की जुन्या फोटोतली सूटकेस आणि टोकियोतली सूटकेस तंतोतंत जुळत नाहीत. चौकशी केल्यावर कळलं, मूळ सूटकेस 1984 मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला प्रदर्शनासाठी गेली असताना आगीत जळाली. टोकियोला आली ती नंतर केलेली प्रतिकृती. लेकीने विचारलं, "मग ती खोटी ना?" मी म्हटलं, मूळ पावती जळाली तर दुय्यम प्रत चालते, पण ती दुय्यम आहे हे सांगावं लागतं आणि मूळ होती याचा पुरावा लागतो. इथे मूळ सूटकेसचा फोटो होता, यादी होती, सख्खा भाऊ होता. चूक लक्षात आल्यावर ती उघडपणे सांगितली गेली. जे होलोकॉस्ट झालाच नाही म्हणतात, त्यांच्यापुढे असंच टिकता येतं. आणि हे टिकवायला जागा लागते, माणसं लागतात, आगीपासून सांभाळणारी कपाटं लागतात. थोडक्यात, पैसे लागतात.

आता आपल्या सेंदाईबद्दल. इथे अकरा वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं.

1936 ते 1941 या काळात आपल्या तोहोकु विद्यापीठात (तेव्हा ते 'इंपीरियल' होतं) कार्ल ल्योविट नावाचे जर्मन तत्त्वज्ञ शिकवत होते. जन्म म्युनिकचा, 1897 चा. धर्माने प्रोटेस्टंट, पण घराणं ज्यू, आणि नाझींना तेवढं पुरेसं होतं. पहिल्या महायुद्धात ते जर्मनीकडून लढून जखमी झाले होते, त्या पुण्याईवर सुरुवातीला नोकरी वाचली. 1935 मध्ये तीही गेली. क्योतोचे प्राध्यापक कुकी शूझो यांच्या मदतीने ते पत्नीसह सेंदाईला आले. इथेच 1940 मध्ये त्यांनी जर्मनीतल्या आपल्या आयुष्याबद्दल एक दीर्घ आत्मकथन लिहिलं. हार्वर्डच्या काही प्राध्यापकांनी स्पर्धा जाहीर केली होती: 1933 च्या आधीचं आणि नंतरचं जर्मनीतलं तुमचं आयुष्य लिहा, बक्षीस एक हजार डॉलर. 1941 मध्ये जपान आणि अमेरिका यांचं युद्ध पेटायच्या आधी ल्योविट अमेरिकेला निघून गेले. 1973 मध्ये ते वारले. ते लिखाण पुस्तकरूपाने आलं 1986 मध्ये. म्हणजे शेहेचाळीस वर्षं ते कागद कुणीतरी सांभाळले.

आणि याच विद्यापीठात त्यांच्या आधी, 1924 ते 1929, ऑयगेन हेरिगेल शिकवत होते. जपानी धनुर्विद्या आणि झेनवर लिहून जगभर नाव झालेले हेच ते. जर्मनीला परतल्यावर 1937 मध्ये ते नाझी पक्षाचे सभासद झाले. एकच गाव, एकच विद्यापीठ, दोघेही विद्वान. मी लेकीला घेऊन रविवारी काताहिराच्या जुन्या आवारात फिरून आले. वाचन खूप केल्याने माणूस आपोआप नीट वागतो या समजुतीवर आपण आईबाप बराच खर्च करतो, एवढंच तिथे डोक्यात आलं.

घरी विषय निघाला की अशा संस्थेला दरवर्षी काहीतरी द्यावं. व्हिडिओ कॉलवर सासूबाई होत्या, कोल्हापूरच्या. म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे काय कमी दुःखं आहेत? गावच्या शाळेचं छप्पर गळतंय." प्रश्न रास्त आहे. तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनातही तोच आला असेल. मी त्यांना विचारलं, "आई, वळिवड्याचा पोलंड कॅम्प आठवतो का?" त्यांच्या आईने पाहिलेला होता! 1943 ते 1948 कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. यांना हिटलरने नव्हे, स्टालिनच्या राजवटीने घरातून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियाकडे पाठवलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ते आपल्याकडे आले. दोन्ही गोष्टी एक नाहीत, मिसळूही नयेत. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. सासूबाई आजवर तिथे फक्त साड्या घ्यायला जात होत्या. आता सत्तर वर्षांनंतरही ती पोलिश मुलं, म्हातारी होऊन, कोल्हापूरला येत राहिली, 2019 मध्ये वळिवड्यात स्मारक उभं राहिलं. पोलंडच्या माणसांनी आपलं गाव लक्षात ठेवलं. मग आपण दुसऱ्यांचं दुःख लक्षात ठेवलं तर गावच्या शाळेचं काही कमी होत नाही. छपराचे पैसेही पाठवले, हे सांगून ठेवते, नाहीतर सासूबाई कमेंटमध्ये येतील.

आता हिशेब.

संग्रहालय तिकिटावर चालत नाही. हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामाचं होलोकॉस्ट शिक्षण केंद्र 1995 पासून मुलांसाठी चालू आहे आणि तिथे प्रवेश विनामूल्य. आउश्वित्झसाठी 2009 मध्ये प्रतिष्ठान स्थापन झालं, उद्दिष्ट बारा कोटी युरोचा कायम निधी. आपल्या भाषेत कॉर्पस: मुद्दल हलवायचं नाही, उत्पन्नातून बराकी, बूट, कागद जपायचे. त्यातले सहा कोटी देण्याचं एकट्या जर्मनीने कबूल केलं. मोठ्या रकमा सरकारं देतात, पण छोट्या संस्थांना आपल्यासारखेच लागतात.

का, ते सांगते. जपानमध्ये एनपीओला 'निन्तेई' म्हणजे प्रमाणित दर्जा हवा असेल तर लोकांचा पाठिंबा दाखवावा लागतो. त्याची एक कसोटी अशी: वर्षाला 3,000 येन किंवा जास्त देणारे सरासरी किमान 100 दाते. एका घरातले एकत्र राहणारे सगळे मिळून एकच धरतात. म्हणजे एका श्रीमंताचे दहा लाख आले तरी तो एकच दाता, आणि तुमचे 3,000 येन म्हणजे शंभरातली एक पूर्ण जागा. इतकी किंमत तुमच्या 3,000 येनला दुसरीकडे क्वचितच मिळेल.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

प्रमाणित संस्थेला दिलेल्या रकमेतून 2,000 येन वजा करून उरलेल्याच्या 40 टक्के आयकरातून सूट निवडता येते, कमाल तुमच्या आयकराच्या 25 टक्के. 12,000 दिले तर 4,000 परत.

सभासदत्वाचे प्रकार नीट वाचा. मतदानाचा हक्क किंवा काही मोबदला देणारी वर्गणी आणि नुसती सहाय्यक वर्गणी यांत फरक असतो. देणगी म्हणून पावती मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

ऑफिसच्या वर्षअखेरच्या समायोजनात ही सूट मिळत नाही, स्वतः विवरणपत्र भरावं लागतं. आणि भरलंत की फुरुसातो नोझेईचे 'वन-स्टॉप' अर्ज रद्द होतात, त्या देणग्याही विवरणपत्रात घाला. सीए असून पहिल्या वर्षी मी हे विसरले होते. हसू नका.

संस्थेचा वार्षिक अहवाल बघा. खर्चाचा मेळ लागत नसेल तर विषय कितीही पवित्र असो, पैसे देऊ नका.

अमेरिकेतल्या मैत्रिणींनो, सभासदत्वाबदल्यात काही मिळालं तर त्याची किंमत सवलतीतून वजा होते. ब्रिटनमध्ये तुम्ही करदाते असाल तर गिफ्ट एड भरा, संस्थेला पौंडामागे 25 पेन्स जास्त मिळतात.

आम्ही एका संस्थेचे सहाय्यक सभासद झालो. रक्कम मोठी नाही. फॉर्मवर नाव कुणाचं घालायचं यावर लेक म्हणाली, "माझं घाल, मी तेरा वर्षांची आहे." मी काही बोलले नाही, घातलं.

गणिताच्या सरांना आता आम्ही 'गणिताचे सर' म्हणतो. कडक तेवढेच आहेत. तुमच्या घरातही तो शब्द वापरात असेल तर जेवताना एकदा विषय काढा. मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, असा माझा अनुभव आहे.