ब्रेक वेळेत लागेल, हे आधीच कसे कळते? रिअल-टाइम यंत्रणा तपासणारी सॉफ्टवेअर टूल्स

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातले चारठाणा हे गाव जुन्या मंदिरांसाठी आणि बारवेसाठी ओळखले जाते. गावात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर सेलू किंवा परभणी गाठावे लागते. ही दोन्ही स्टेशने मनमाड–मुदखेड मार्गावर आहेत. या मार्गावर, तसेच २४१ किलोमीटरच्या बिदर–परभणी मार्गावर दक्षिण मध्य रेल्वेने ‘कवच’ ही सुरक्षा प्रणाली बसवली आहे. गाडी लाल सिग्नल ओलांडू लागली किंवा वेगमर्यादा मोडू लागली आणि लोको पायलटने ब्रेक लावला नाही, तर कवच स्वतःच ब्रेक लावते. फाटक जवळ आले की शिट्टीही आपोआप वाजवते.

पण ब्रेक लागणे पुरेसे नाही, तो वेळेत लागायला हवा. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ३० मीटर पुढे जाते. मग अशी यंत्रणा कधीच उशीर करणार नाही, याची खात्री कशी करतात? त्यासाठी खास सॉफ्टवेअर टूल्स असतात. ती कशी काम करतात, ते सोप्या भाषेत समजून घेऊया.

रिअल-टाइम यंत्रणा म्हणजे काय?

ज्या यंत्रणेत बरोबर उत्तर उशिरा मिळाले तर तेही चूकच ठरते, ती रिअल-टाइम यंत्रणा. मोबाइलवर व्हिडिओ दोन सेकंद अडकला तर चिडचिड होते, एवढेच. पण गाडीची एअरबॅग, हृदयातला पेसमेकर, विमानाचे नियंत्रण किंवा अणुभट्टी बंद करणारी यंत्रणा उशिरा जागी झाली तर जिवावर बेतते. ‘रिअल-टाइम’ म्हणजे ‘खूप वेगवान’ असा समज असतो. खरा अर्थ ‘ठरलेल्या मुदतीत, प्रत्येक वेळी’ असा आहे.

नुसती चाचणी का पुरत नाही?

कवच हे एसआयएल-४ या सर्वोच्च सुरक्षा पातळीसाठी बनवलेले आहे. या पातळीत धोकादायक बिघाडाची शक्यता दर तासाला दहा कोटींत एकापेक्षा कमी असावी लागते. आता हिशोब करा. दहा कोटी तास म्हणजे ११ हजारांहून जास्त वर्षे. इतका काळ गाडी चालवून बघणे शक्यच नाही.

दुसरी अडचण अशी, की चाचणीत आपण निवडलेले प्रसंगच तपासले जातात. वेळेच्या चुका मात्र दोन घटना एका विशिष्ट अंतराने घडल्या तरच दिसतात. म्हणून रेल्वेसाठीचे युरोपीय मानक ईएन ५०१२८ हे वरच्या सुरक्षा पातळ्यांसाठी फॉर्मल पद्धतींची, म्हणजे गणिताने पडताळणी करण्याची, ठळक शिफारस करते.

फाटकाचे उदाहरण

या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत रेल्वे फाटकाचे उदाहरण हमखास असते. समजण्यासाठी आपण काही काल्पनिक आकडे घेऊ.

- रुळावरच्या सेन्सरने गाडी टिपल्यावर ती लवकरात लवकर ६० सेकंदांनी फाटकावर येते.
- नियंत्रक जास्तीत जास्त ५ सेकंदांत हुकूम देतो.
- फाटक खाली यायला २० सेकंद लागतात, वर जायलाही २०.
- मोटार एकदा वर जाऊ लागली की मध्येच थांबत नाही. दिशा बदलण्याआधी तिला २० सेकंद विश्रांती लागते.

एकच गाडी आली तर ५ आणि २० मिळून २५ सेकंदांत फाटक बंद. हजार वेळा चाचणी घ्या, सगळे ठीक दिसेल.

आता दुहेरी मार्ग धरा. पहिली गाडी गेली, फाटक वर जाऊ लागले आणि त्याच क्षणी दुसऱ्या रुळावर गाडी टिपली गेली. वर जायला २०, विश्रांतीला २०, हुकमाला ५, खाली यायला २०. एकूण ६५ सेकंद! गाडी ६० व्या सेकंदाला हजर, फाटक अजून पूर्ण बंद नाही.

ही चूक कधी घडते? फाटक वर जाऊ लागल्यापासून पहिल्या ५ सेकंदांत दुसरी गाडी टिपली गेली तरच. चाचणीत तो पाच सेकंदांचा काळ साधला नाही तर चूक लपून राहते आणि एखाद्या दिवशी रस्त्यावरच्या माणसाला तिची किंमत मोजावी लागते. उपाय साधा आहे. ताशी ११० किलोमीटर वेग धरला तर सेन्सर २०० मीटर मागे सरकवून साडेसहा सेकंद जास्त मिळतात. पण त्यासाठी चूक आधी सापडायला हवी.

टूल नेमके काय करते?

आधी यंत्रणेचा नमुना, म्हणजे मॉडेल, काढतात: गाडी, नियंत्रक, फाटक. प्रत्येकाच्या अवस्था आणि प्रत्येकासोबत चालणारी घड्याळे. अशा मॉडेलला टाइम्ड ऑटोमॅटा म्हणतात. राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांनी १९९४ च्या शोधनिबंधात त्याचा सिद्धांत सविस्तर मांडला. आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी असलेले अलूर आणि डिल यांना या कामासाठी २०१६ चा अलोन्झो चर्च पुरस्कार मिळाला.

मग टूलला विचारायचे: ‘गाडी फाटकावर आहे आणि फाटक उघडे आहे, असे कधी होऊ शकते का?’

इथे एक पेच येतो. ५ सेकंद आणि ६ सेकंद यांच्यामध्ये असंख्य क्षण असतात. ते सगळे कसे तपासायचे? ज्या क्षणांनंतर यंत्रणा सारखीच वागणार आहे, त्यांचा एक गट करायचा. असे गट मोजकेच असतात, हे गणिताने सिद्ध करता येते. टूल हे गट एकेक करून तपासते. चूक नसेल तर ‘अट नेहमी पाळली जाते’ असे उत्तर मिळते. चूक असेल तर ती कोणत्या क्रमाने, कोणत्या वेळी घडते याचा अख्खा माग समोर येतो.

प्रमुख टूल्स कोणती?

- उप्पाल: स्वीडनचे उप्साला आणि डेन्मार्कचे ऑलबोर्ग या विद्यापीठांचे टूल, १९९५ पासून. नावही दोन्ही गावांच्या नावांतून जुळवलेले. चित्र काढून मॉडेल तयार करता येते, म्हणून नवशिक्यांना सोपे.
- टीचेकर: टाइम्ड ऑटोमॅटासाठीचे मुक्त-स्रोत टूल.
- टीना: फ्रान्समधील टूलूझचे, टाइम पेट्री नेट या वेगळ्या प्रकारच्या मॉडेलसाठी.
- प्रिझम: ‘किती शक्यता आहे’ या प्रश्नाचे उत्तर देणारे. संदेश अधूनमधून हरवतात अशा यंत्रणांसाठी उपयोगी.
- एआयटी: मॉडेल नव्हे, प्रत्यक्ष प्रोग्रॅम तपासते. दिलेल्या प्रोसेसरवर तो जास्तीत जास्त किती वेळ घेईल, याची वरची मर्यादा काढते. फाटकाच्या उदाहरणातले नियंत्रकाचे ‘५ सेकंद’ असेच काढावे लागतात.

महाराष्ट्रात हे काम होते का?

होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परितोष पंड्या यांनी डीसीव्हॅलिड हे टूल विकसित केले. एखादी अवस्था किती काळ टिकली, याबद्दलच्या अटी ‘ड्युरेशन कॅल्क्युलस’ या तर्कपद्धतीत मांडतात आणि हे टूल त्या तपासते. आयआयटी मुंबईत सॉफ्टवेअरची रचना आणि पडताळणी यांसाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. पुण्यातील टीसीएस रिसर्चचे व्हेरिअ‍ॅब्स हे सी भाषेतील प्रोग्रॅम तपासणारे टूल एसव्ही-कॉम्प या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० आणि २०२१ मध्ये रीच-सेफ्टी गटात पहिले आले. व्हेरिअ‍ॅब्स वेळेचे नव्हे तर तर्काचे दोष शोधते, पण सुरक्षित यंत्रणेला दोन्ही तपासण्या लागतात.

मर्यादा काय?

पहिली मर्यादा आकाराची. गाड्या, घड्याळे, सिग्नल वाढले की गटांची संख्या झपाट्याने फुगते आणि संगणकाची मेमरी संपते. म्हणून मोठी यंत्रणा तुकड्यांत तपासतात.

दुसरी जास्त महत्त्वाची. टूल तपासते ते मॉडेल, प्रत्यक्ष यंत्र नव्हे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणारे स्कड अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. आकडेमोडीतल्या बारीक चुका साचून तिची वेळ ०.३४ सेकंदाने चुकली होती. मॉडेलमध्ये घड्याळ अचूक गृहीत धरले असते, तर टूलनेही ‘सगळे ठीक’ असेच सांगितले असते. म्हणून ‘गणिताने सिद्ध केले’ असे कुणी म्हटले की विचारावे: काय गृहीत धरून?

शिकायचे असेल तर?

साधा लॅपटॉप पुरतो. उप्पाल शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे, टीचेकरही मोफत. एनपीटीईएलवर मॉडेल चेकिंगचा अभ्यासक्रम आहे. सुरुवात वरच्या फाटकापासूनच करा. आकडे भरा, ६५ व्या सेकंदाची चूक टूलला शोधू द्या, मग सेन्सर मागे सरकवून पुन्हा तपासा.

थोडक्यात

चाचणी सांगते, ‘आम्ही पाहिले तेव्हा चूक झाली नाही.’ पडताळणी सांगते, ‘या अटी खऱ्या असतील तर चूक होऊच शकत नाही.’ त्या अटी खऱ्या आहेत का, हे प्रत्यक्ष रुळावर, घड्याळ आणि मोजपट्टी घेऊन माणसालाच पाहावे लागते.