वसईच्या विहिरींची खोली

वसईचें नांव निघतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें चिमाजीअप्पांचा १७३९ चा विजय, नाहींतर दुसऱ्या बाजीरावाचा १८०२ चा लाजिरवाणा तह उभा राहतो. तटाखालच्या जमिनीचा इतिहास मात्र फारसा कोणी वाचीत नाहीं. १५३४ त गुजरातच्या बहादूरशहाकडून हा मुलूख पोर्तुगीजांस मिळाला व पुढें येथें भरभराटीचें नगर वसलें. त्या किल्ल्यास तीन बाजूंनीं समुद्र व खाडी यांचा वेढा असूनहि आंत विहिरी होत्या व त्यांवर वस्ती नांदत होती, ही गोष्ट आम्हांस तटबुरुजांइतकीच विचार करण्याजोगी वाटते. खाऱ्या पाण्याच्या शेजारीं गोडें पाणी टिकतें कसें?

तालुक्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत, ते सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याच्या काळ्या कातळाचे. ह्या कातळांत पाणी सांठतें तें वरच्या मुरुमांत आणि खालच्या सांध्यांत व भेगांत. भेग सांपडली तर विंधणविहिरीस पाणी. न सांपडली तर शेंकडों फूट कोरडी भुकटी! पश्चिमेच्या किनारपट्टीची गोष्ट निराळी. तेथें पावसाचें पाणी वाळूच्या व गाळाच्या थरांत मुरतें आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून सुमारें चाळिसाव्या हिश्शानें जड. त्यामुळें गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट उंच असेल, तर सपाटीखालीं तें सुमारें ४० फूट पोंचतें. घायबेन ह्या डच अभियंत्यानें १८८९ च्या सुमारास व हर्झबर्ग ह्या जर्मनानें १९०१ त हें गणित मांडलें. त्याची दुसरी बाजू भयंकर आहे: उपशानें पातळी एक फूट उतरली कीं खालून खारें पाणी ४० फूट वर चढूं पाहतें.

वसईच्या बागाईतदारांस हें गणित ठाऊक नव्हतें, पण त्यांची रीत त्यास धरून होती. विहीर रुंद खणावी, पण उथळ ठेवावी. जनावराच्या चालीनें फिरणाऱ्या रहाटानें सावकाश पाणी काढावें व तेवढ्यावर केळी, पानवेली आणि फुलझाडें जगवावीं. रहाट थांबला कीं रात्रीं विहीर पुन्हा भरे. वाड्यांतून बावखलें असत. पावसाळ्याचें पाणी त्यांत सांठून जमिनींत जिरे. रहाटाची करकर कित्येकांस कर्कश वाटली असेल, विहिरीस ती मानवत होती.

पंप आले आणि हा ताल मोडला. मुंबईची वस्ती रेल्वेच्या कडेनें विरारपर्यंत पसरली; नव्या इमारतींसाठीं बागांतल्या विहिरींचें पाणी टँकरांतून जाऊं लागलें. १९९० च्या आसपास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढारीपणाखालीं हरित वसई संरक्षण समितीनें ह्या उपशास विरोध केला. बागाईतदार आपल्या पायांखालच्या पाण्यासाठीं रस्त्यावर उतरले, ही त्या प्रांताच्या इतिहासांतली लढाईच म्हटली पाहिजे.

२००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानें ६० मीटरांहून खोल विहिरी निर्बंधाखालीं आणल्या. कातळाच्या प्रदेशास ही मर्यादा शोभते. किनाऱ्यालगतच्या वाडींत मात्र तिच्या पुष्कळच अलीकडे खारें पाणी वाट पाहत असतें. तेथें पाणी आटलें म्हणून आणखी खोल विंधणें म्हणजे त्यासच वर बोलावणें होय. यंत्र आणण्यापूर्वीं गृहस्थानें शेजारच्या जुन्या विहिरीचें पाणी वैशाखांत चाखून पाहावें. मचूळ लागलें, तर विंधण्याचा बेत सोडून छपरावरचें पावसाचें पाणी त्याच विहिरींत सोडण्याची सोय करावी.