बारमन बदलले, बार चालूच राहिला

कोरोनाच्या काळातली एक गोष्ट लोक विसरत चाललेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

इश्गल. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातलं डोंगरातलं गाव, कायमची वस्ती जेमतेम १,६००. हिवाळ्यात बर्फावर स्कीइंग करायला तिथे युरोपभरातून गर्दी लोटते. ही गर्दी सांभाळायला वेटर, आचारी, खोल्या साफ करणाऱ्या बाया, बारमन असे हंगामी कामगार बाहेरून येतात. राहायची सोय बहुतेकदा मालकच करतो, तीही एका खोलीत दोघं-तिघं. म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं!

५ मार्च २०२० ला आइसलँडने इश्गलला धोक्याच्या यादीत टाकलं, कारण तिथून परतलेले त्यांचे पर्यटक बाधित निघाले होते. टिरोलचे अधिकारी म्हणाले, लागण विमानात झाली असेल. दोनच दिवसांत 'कित्झलोख' या बारमधला ३६ वर्षांचा बारमन पॉझिटिव्ह आला. तरी प्रशासनाचं म्हणणं, गिऱ्हाइकांना लागण होण्याची शक्यता कमीच. मग बार जंतुनाशकाने पुसला, जुने कर्मचारी बाजूला केले, नवे उभे केले आणि बार पुन्हा सुरू! ग्लास बदलावेत तशी माणसं बदलली. ९ तारखेला तो बंद करावाच लागला. बाकीचे बार त्यानंतर.

१३ मार्चला दुपारी चॅन्सेलर सेबास्टियन कुर्झ यांनी टीव्हीवरून खोरं सील केल्याचं जाहीर केलं. तयारी काहीच नव्हती. पर्यटक गाड्यांत सामान कोंबून पळाले, अनेक कामगारही निघाले आणि विषाणू त्यांच्याबरोबर देशोदेशी गेला. मागे राहिलेले एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत अडकले. इन्सब्रुकच्या वैद्यकीय विद्यापीठाने गावकऱ्यांचं रक्त तपासलं, तर सुमारे ४२ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. ऑक्टोबरमध्ये चौकशी समितीने चुकांवर बोट ठेवलं, कुर्झ यांच्या त्या घोषणेवरसुद्धा. पण २०२१ च्या नोव्हेंबरात सरकारी वकिलांनी तपास बंद केला. खटला कुणावरच नाही.

आता पुढचा हिवाळा बघा. कॅनडात स्की रिसॉर्ट उघडले. लिफ्टच्या रांगेत मास्क, अंतर, पाळण्यात फक्त आपल्याच घरची माणसं. नियम चांगलेच होते, पण ते गिऱ्हाईक दिसतं तिथे होते. कामगार रात्री झोपतो त्या घराचं काय? ब्रिटिश कोलंबियातल्या 'बिग व्हाइट'मध्ये १५ डिसेंबर २०२० ला ६० रुग्णांची साखळी जाहीर झाली. आरोग्य खात्याने बोट ठेवलं ते सामायिक घरांवर आणि पार्ट्यांवर. रिसॉर्टने नियम मोडणाऱ्या काही कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं. पार्टी करणं चूकच हो, पण एकाच स्वयंपाकघरात जेवण करणाऱ्या पाच-सहा जणांनी अंतर ठेवायचं कसं, हे त्या नियमांत कुठे होतं? शिवाय खोकला सांगितला तर पगार बुडणार. अशा वेळी कोण सांगेल?

त्याच प्रांतातल्या व्हिस्लरला मार्च २०२१ अखेर सरकारी आदेशाने डोंगर बंद झाला. तिथेही रुग्णांत तरुण, एकत्र राहणारे कामगारच जास्त. एप्रिलमध्ये मात्र आरोग्य खात्याने वयाची रांग बाजूला ठेवली आणि व्हिस्लरमध्ये राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढाला लस दिली. कामगार आधी मोजला गेला, तो इथे. तोवर लिफ्ट थांबल्या होत्या.