ससा, पाळीव : पाण्याची गरज व निर्जलीकरण

घरोघरी पाळले जाणारे ससे ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या युरोपीय जातीचे वंशज आहेत. ही जात मूळची स्पेन, पोर्तुगाल व दक्षिण फ्रान्समधली असून ती बिळे करून राहते. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसणारा लेपस निग्रिकॉलिस हा ससा वेगळा. तो बीळ खणत नाही. रानातल्या सशाची तहान बऱ्याच अंशी ओल्या गवतावर आणि दवावर भागते. ताज्या गवतात 75 ते 85 टक्के पाणी असते, तर वाळलेल्या गवतात आणि दुकानातल्या गोळीखाद्यात ते जेमतेम 10 टक्क्यांच्या आसपास. पिंजऱ्यातल्या सशाच्या वाट्याला मुख्यतः हाच कोरडा आहार येतो. त्यामुळे पाला खाणाऱ्या सशाला वेगळे पाणी लागत नाही, हा अनेक घरांतला समज चुकीचा आणि सशाच्या जिवावर बेतणारा आहे.

निरोगी ससा दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 150 मिलिलिटर पाणी पितो. दोन किलोच्या सशाला म्हणजे 100 ते 300 मिलिलिटर लागतात. आकाराच्या मानाने हे प्रमाण कुत्र्यामांजरांपेक्षा खूप अधिक आहे. पिल्लांना पाजणाऱ्या मादीची गरज याहून बरीच मोठी असते. ससे प्रामुख्याने संध्याकाळी, रात्री आणि पहाटे खातात-पितात, म्हणून भांडे सकाळी भरले तरी दिवेलागणीला पुन्हा पाहावे.

इतके पाणी लागण्याचे कारण सशाच्या पोटात आहे. गवतातले तंतू लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरील अंधनाल या मोठ्या पिशवीत सूक्ष्मजीवांच्या मदतीने आंबतात. तिथला ऐवज ओलसर राहिला तरच तो पुढे सरकतो. पाणी कमी पडले की ससा खाणे कमी करतो. खाणे कमी झाले की आतड्याची हालचाल मंदावते, जठरातले अन्न आणि चाटून पोटात गेलेले केस सुकून त्यांचा घट्ट गोळा होतो. सशाला उलटी करता येत नाही, म्हणून हा गोळा उलट्या वाटेने बाहेर पडू शकत नाही. आतडे थंडावण्याचा हा विकार पाळीव सशांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. तहानलेला ससा ओरडत नाही, तो फक्त वैरण बाजूला ठेवतो. पाळणाऱ्याने पाण्याच्या पातळीइतकेच लक्ष लेंड्यांवर ठेवावे ते याचसाठी.

पाण्याचा दुसरा संबंध कॅल्शियमशी आहे. बहुतेक सस्तन प्राणी गरजेपुरतेच कॅल्शियम आतड्यातून शोषतात. ससा मात्र आहारातले बरेचसे शोषून घेतो आणि जास्तीचे मूत्रावाटे टाकतो. त्याचे मूत्र एरवीही गढूळ, पांढुरके दिसते ते यामुळे. पाणी अपुरे असले की हे क्षार मूत्राशयात गाळासारखे साचतात, पुढे खडे होतात. प्रौढ सशाला रोज लसूणघास घालणे टाळावे, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असते. मूत्राचा लालसर रंग पाहून मात्र लगेच घाबरू नये. अनेकदा तो रंगद्रव्यांचा असतो. रक्ताची शंका असल्यास पशुवैद्याकडून तपासून घ्यावे.

पाणी कशात द्यावे, यावर पाळणाऱ्यांत मतभेद असतात. झुरिक विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत सशांनी तोटीच्या बाटलीपेक्षा उघडे भांडे पसंत केल्याचे दिसले. बाटलीतून पाणी थेंबाथेंबाने येते, तोटीतली गोळी अडकली तर येतही नाही. भांडे जड हवे, कारण हलके ससा उलथवतो. मातीचे जाडसर पसरट भांडे उत्तम, उन्हाळ्यात त्यातले पाणी गारही राहते. गळ्याखाली कातडीची लोंबती घडी असलेल्या माद्यांची ती घडी सतत भिजून चिघळू शकते, तिथे बाटली सोयीची ठरते. दोन्ही ठेवणे सर्वांत बरे. भांडे रोज घासून धुवावे. पाण्यात साखर, मीठ किंवा जीवनसत्त्वांचे थेंब टाकू नयेत. चव बदलली की ससा पाणी कमी पितो.

कोथिंबीर, हरळी, गाजराचा पाला यांतून जादा पाणी पोटात जाते. पाला धुऊन तसाच ओला घालावा. नवी भाजी थोडीथोडी सुरू करावी. टोमॅटो-बटाट्याचा पाला वर्ज्य. कलिंगडाचा लहान तुकडा अधूनमधून चालतो, पण त्यातली साखर आतड्यातला समतोल बिघडवते.

सशाला घाम जवळजवळ येत नाही. तो कानांवाटे आणि श्वासोच्छ्वासाने उष्णता टाकतो. त्याला 15 ते 21 अंश सेल्सियस तापमान मानवते, तिशीच्या घरात त्रास सुरू होतो. विदर्भातल्या मे महिन्यात, जिथे पारा 45 वर जातो, पत्र्याखालचा पिंजरा प्राणघातक ठरतो. सावली, वारा, टेकून बसायला गार फरशी आणि जवळ पाणी या चारही गोष्टी लागतात.

निर्जलीकरणात लेंड्या लहान, कडक व कमी होतात, मूत्र घटते, हिरड्या कोरड्या पडतात, ससा सुस्त होतो. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडल्यास हळू खाली बसते; डोळे खोल गेले तर अवस्था गंभीर समजावी. अशा वेळी पिचकारीने जबरदस्तीने पाणी पाजू नये, ते फुप्फुसात उतरू शकते. दहा-बारा तास न खाल्लेला ससा पशुवैद्याकडे न्यावा. तिथे कातडीखाली किंवा शिरेतून द्रव दिला जातो.

उलट ससा अचानक फार पाणी पिऊ लागला तर मूत्रपिंड तपासावे. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवी मेंदूबरोबर मूत्रपिंडालाही इजा करतो.